भरीव धरलेल्या खिडक्या

माझा धंदा काय, हे सांगायला मला अजूनही दोन वाक्यं जास्त लागतात. क्वांटिटी सर्व्हेअर म्हटलं की मुखेडकडची आमची भावकी विचारते, "म्हंजे शेताची मोजणी करून राहिलास का? बांधाचं एक भांडण हाय, ये की एकदा." मग सांगावं लागतं की शेत नाही, इमारत मोजतो. आणि तीही पुष्कळदा उभी राहण्याआधीच.

त्या उभी राहण्याआधी मोजण्याचं नवल मला कधी सरलं नाही. जागेवर बाभळी असतात, त्यात कुणाची तरी शेळी चरत असते, आणि आपण नांदेडच्या एका खोलीत नकाशे पसरून सांगतो की इथं इतकी खडी लागेल, इतकी सळई, इतका रंग. वर्ष-दीड वर्षानं इमारत खरंच उभी राहते आणि खडीचा ढीग आपण म्हणालो होतो तेवढ्यातच संपतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा उरलेल्या टोपलीभर खडीकडे मी बराच वेळ बघत राहिलो होतो. अंगावर काटा आला होता. केस पिकले तरी तो काटा येतो. जे अजून नाही त्याचं वजन माणसाला आधी कळावं, यापेक्षा मोठं काही मी माझ्या हातून होताना पाहिलेलं नाही.

धंद्यावर असा जीव आहे, म्हणूनच पुढचं सांगायला इतकी वर्षं लागली. बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला हे इथंच वाचायला मिळेल.

आमच्या कामाचे पैसे द्यायला लोकांच्या जिवावर येतं. त्यांचंही खरं आहे. सिमेंटची गोणी दिसते, सळई वाजते, फरशीवरून हात फिरवता येतो. मोजणं दिसत नाही. "नुसतं मोजायचे एवढे?" हे मी हिमायतनगरपासून निलंग्यापर्यंत ऐकलेलं आहे. म्हणून फीच्या रीती कागदावर तीन-चार असल्या, म्हणजे कामाची ठोक रक्कम, चौरस फुटाला दर, लागलेल्या दिवसांप्रमाणे पैसे, तरी आमच्याकडे चालतो तो टक्काच. गुत्तेदार बांधतो आणि जितकं बांधलं तितक्याचं बिल देतो. ते बिल जागेवर मोजून, तपासून मंजूर करायचं, हे मालकाच्या बाजूनं माझं काम. मंजूर केलेल्या बिलावर माझा ठरलेला टक्का. मालकाला तो खुपत नाही, भाजीत मीठ विरघळावं तसा विरघळतो. आणि मला बरं पडायचं, कारण स्वतःची किंमत स्वतःच्या तोंडानं सांगावी लागत नाही. मी अबोल माणूस. पैसे मागायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते.

लातूरच्या अक्कांनी मात्र पहिल्याच भेटीत ते मीठ चिमटीत धरून उजेडात पाहिलं.

अक्का म्हणजे बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानाच्या मालकीण. माहेर उदगीरकडचं. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळ्यांवर जाड चष्मा, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. दुकान त्यांनी एकटीनं चालवलं आणि उतारवयात मागची जागा विकून मुलींचं वसतिगृह बांधायला काढलं. लातुरात शिकवणीला गावोगावच्या पोरी येतात, त्यांच्यासाठी. खालचे दोन मजले पैसे देणाऱ्या मुलींचे, आणि सगळ्यात वरचा ज्यांच्या घरी पैसे नाहीत त्यांचा. वरच्या मजल्यासाठी त्यांनी आतापासून चार-दोन गावांत शब्द देऊन ठेवला होता.

पितळी घागरींच्या उतरंडीपुढं बसून त्यांनी माझा करारनामा वाचला.

"टक्का म्हंजे कशावर वो?"

"एकूण बिलावर, अक्का."

"म्हंजे गुत्तेदाराचं बिल फुगलं की तुमचं बी फुगणार?"

"तसं… पद्धत आहे ती."

"अय्यो! लई भारी पद्धत हाय की. मांजराला राखण द्यायची अन् सांगायचं, जितके उंदीर घरात, तितकं दूध तुला!"

दुकानातला नोकर फिदीफिदी हसला. मीही हसलो. अक्का हसून झाल्यावर चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "एक सांगा इंजिनिअर. बिल कमी झालं तर तुमाला बरं वाटंल का?"

"हो," मी म्हणालो.

"मग बास." एका परातीवर कागद टेकवून त्यांनी सही केली.

त्या दिवशी मी बोललो ते खोटं नव्हतं. ते नंतर खोटं झालं.

काम सुरू झालं. नांदेडहून लोहा, अहमदपूर करत मी दर आठवड्याला लातूरला जायचो. अक्का छत्री घेऊन जागेवर हजर असायच्या. त्यांचा हट्ट एकच होता, प्रत्येक पोरीच्या उशाशी खिडकी पाहिजे, आणि ती मोठी पाहिजे. नकाशा काढणारा वैतागला होता. "अक्का, उन्हाळ्यात भट्टी होईल हो."

"पडदा लावतील. लाईट गेली तर पोरीनं पुस्तक मिटायचं का? सावली करता येती, उजेड कुठून आणता येत न्हाई."

पहिला स्लॅब ओतला त्या दिवशी त्यांनी सगळ्या कामगारांना हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर वाढली, वर सढळ तूप. मला म्हणाल्या, "तुमी मोजून खाणार का?" आणि माझ्या पानात आणखी एक पळी घातली. बिलाचे पैसे त्या बिल आल्या दिवशी द्यायच्या. गुत्तेदाराचे आणि माझे. मी सही केली आहे एवढंच बघायच्या, आतलं पान उलटायच्या नाहीत. एखादं माणूस आपल्यावर इतका भरवसा ठेवतं तेव्हा आपण मोठे होत नाही, उलट आपल्या अंगावर कुणीतरी दुसऱ्याच मापाचा अंगरखा चढवल्यासारखं वाटतं. मी तो अंगरखा घालून फिरत होतो.

आता खिडक्यांचं. वीटकाम आणि गिलावा मोजताना दारं-खिडक्यांची जागा वजा करायची असते. लहानसा झरोका सोडून देतात, पण मोठ्या खिडकीच्या जागी वीट नसते, तर विटेचे पैसेही नसावेत, इतकं ते साधं आहे. मात्र आपल्याकडे नुसत्या मजुरीनं काम करणारे गवंडी खिडकी वजा करू देत नाहीत. ते म्हणतात, भरीव धरा. म्हणजे खिडकी नाहीच, सलग भिंत आहे, असं समजून मोजा. त्यांचं म्हणणं रास्त असतं. खिडकीच्या कडा ओळंब्यात आणताना गवंड्याचा जीव जातो, त्याचं मोल तो असं वसूल करतो. पण अक्कांचं काम नुसत्या मजुरीचं नव्हतं, वीट-वाळू-सिमेंटसकट होतं. करारात वजावट स्वच्छ लिहिलेली होती. मीच लिहिली होती.

वीटकामाचं पहिलं बिल आलं तेव्हा गुत्तेदार माझ्यासोबत टेपचं दुसरं टोक धरून चालत होता. गोड बोलणारा, उंच, कायम कानात अत्तराचा फाया. चालता चालता म्हणाला, "साहेब, खिडक्या भरीव धरल्यात बरं का. सगळीकडं तसंच चालून राहिलंय."

मी टेपकडे बघत राहिलो.

"मोठं बिल म्हंजे तुमचा बी टक्का मोठा. दोघांचं भागतंय." तो अगदी सहज बोलला, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसा.

मी त्याला विचारलं, "वाळू कुठली मागवली?"

बस, एवढंच. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्यानं माझ्या गप्प बसण्याचा बरोबर अर्थ लावला, आणि मी सही केली. आयुष्यभर लोक माझ्याबद्दल म्हणत आले, साहेब अबोल आहेत, सरळ आहेत. अबोल आणि सरळ हे शब्द लोक जोडीनं का वापरतात कुणास ठाऊक. मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाकडं काम एक शब्द न बोलता केलं. वीटकामात एकदा झाल्यावर गिलाव्यात त्यानं विचारलंसुद्धा नाही.

मुलीची फी होती, घराचा हप्ता होता, असं इथं लिहिता येईल. पण ते कारण नव्हतं. कारण हे होतं की माझी फी मला कायम कमी वाटायची आणि जास्त मागायची छाती नव्हती. जे तोंडानं मागता आलं नाही ते मी खिडक्यांतून काढून घेतलं. आणि माझ्या वाट्याला आलं किती? खिडक्यांपायी अक्कांच्या खिशातून जो रुपया गेला त्यातले दोन-तीन पैसे. बाकीचा गुत्तेदाराला गेला. दोन-तीन पैशांसाठी मी दुसऱ्याचा आख्खा रुपया जाऊ दिला. हे गणित मला तेव्हाही येत होतं.

दोन मजले पुरे झाले आणि एके दिवशी अक्कांनी मला बोलावून घेतलं. फाल्गुनातली दुपार होती. त्या मधल्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत एकट्या एका पालथ्या पाटीवर बसल्या होत्या. रंग अजून लागला नव्हता. मी दारात आलो आणि तिथंच थांबलो.

इतके दिवस मी त्या खोलीत टेप घेऊन फिरत होतो, पण तिच्याकडे पाहिलं नव्हतं. सगळ्या खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. एकेका खाटेच्या जागेवर उजेडाचा एकेक चौकोन पडला होता, भिंतीकडून भिंतीपर्यंत, जणू कुणी चटया अंथरून ठेवल्या आहेत आणि पोरी आता येऊन बसतील. धूळ त्या उजेडातून सावकाश वर जात होती. मी पुष्कळ इमारती मोजल्या, सरकारी, खासगी, विष्णुपुरीच्या बाजूला नदीकाठच्या मोठमोठ्या. पण असं थबकायला कुठं झालं नव्हतं. जे मी कागदावर विटा म्हणून मंजूर केलं होतं ते सगळं माझ्यासमोर उघडं होतं आणि त्यातून सूर्य आत येत होता.

"या," अक्का म्हणाल्या. "बसायला काई न्हाई, उभेच राहा. वरचा मजला राहू द्या आता."

"का अक्का?"

"पैसे संपले की वो. तुमच्या अंदाजात तर तिन्ही मजले बसत होते. मग मी हिशोब लावला, चुकलं कुठं." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "माझ्याच हावरेपणानं झालं. खिडक्या लई केल्या. नकाशावाला सांगून राहिला होता, मी ऐकलं न्हाई. खिडक्यांनीच खाल्ला वरचा मजला. आता त्या पोरींच्या घरी जाऊन सांगावं लागंल, बाई गं, तुझी खाट न्हाई."

खिडक्यांनी खाल्ला! गज, चौकटी, काचा धरूनही खिडकी भिंतीहून फार महाग पडत नव्हती. वजावट झाली असती तर त्यांच्या हट्टाचा बराचसा भार तिथंच फिटत होता. सळईचे भाव वाढले होते हे खरं, सगळाच दोष माझा नव्हता. पण खिडक्यांचा तर मुळीच नव्हता. त्या बाईनं स्वतःच्या सगळ्यात चांगल्या गोष्टीला दोष दिला होता, आणि मी आणखी एकदा गप्प बसलो असतो तर जन्मभर देत राहिल्या असत्या.

"खिडक्यांनी नाही अक्का," मी म्हणालो. "मी."

मग सांगितलं. फार थोड्या शब्दांत सांगितलं, मला जास्त येत नाहीत. भरीव म्हणजे काय, करारात काय होतं, गुत्तेदार काय म्हणाला, मी काय म्हणालो नाही. सांगताना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून खाली उजेडाच्या चौकोनाकडे बघून बोललो.

अक्का उठल्या. एका खिडकीपाशी गेल्या, चौकटीत हात घातला आणि बाहेर काढून हलवला. "हितं भिंत हाय?"

"कागदावर आहे."

"माझ्या पैशाची."

"हो."

मी शिव्यांची वाट बघत होतो, शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्या वळल्या. डोळे ओले होते, पण आवाज दुकानातला होता. "पयल्या दिवशी मी बोलले का न्हाई, मांजर अन् दूध? मला दिसलं होतं, तरी सही केली. तुमाला त्या जागेवर मी बी उभं केलं. पण तुमाला सोडलं असं समजू नका. माझा वाटा माझ्यापाशी, तुमचा तुमच्यापाशी."

मी हात जोडले.

"हात नंतर जोडा. ह्या खिडक्यांवर घेतलेला टक्का परत करायचा. गुत्तेदाराला तुमीच सांगायचं, माझ्यासमोर. अन् वरच्या मजल्याला टक्का बंद. आकडा सांगा."

"कसला आकडा?"

"तुमच्या कामाचा! पूर्ण मजला उभा करायचा, खरं मोजायचं, काय घेणार? आत्ता सांगा."

म्हणजे त्या मला ठेवत होत्या. हे डोक्यात उतरायलाच मला वेळ लागला. मी पुटपुटलो, "काही नको अक्का. फुकट करीन."

"फुकट? फुकटची राखण कोण करतंय वो!"

मग मी एक रक्कम सांगितली. पेट्रोलही सुटलं नसतं इतकी.

अक्का माझ्यावर खेकसल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच. "हा पश्चात्तापाचा भाव हाय. मला कामाचा पाहिजे. इतक्या स्वस्तात ठेवलेला माणूस चार महिन्यांनी पुन्हा खिडक्या शोधत फिरतो. दुकानात गिऱ्हाईक भाव विचारतं तवा मी मान खाली घालते का? नीट जोडा अन् सांगा."

मी माझ्या आयुष्यात कुठल्या कुठल्या गोष्टींची किंमत काढली नाही! पायऱ्या, कठडे, पाण्याच्या टाक्या, स्मशानभूमीची शेडसुद्धा. आणि त्या दुपारी पन्नाशीला आलेला मी, एका अर्धवट इमारतीत उभा राहून पहिल्यांदा स्वतःची जोडत होतो. आठवड्याच्या फेऱ्या, जागेवर लागणारा वेळ, नांदेडला बसून करायचं काम, ऑफिसचं भाडं, घर चालायला लागतं ते. अक्का मधेच विचारत होत्या. "जेवण धरलं का? आजारी पडलात तर?" शेवटी जो आकडा आला तो मी मोठ्यानं उच्चारला. टक्क्यानं मिळाला असता त्याहून तो थोडा जास्तच होता.

"आता कसं," अक्का म्हणाल्या. घासाघीस केली नाही.

दुसऱ्या दिवशी गुत्तेदाराला त्यांच्या दुकानात बोलावलं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग अक्कांकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि तोंडातला गोडवा क्षणात गेला. "साहेब, सही तुमची हाय. बुडवायला निघालात का मला?"

"सही माझी आहे," मी म्हणालो. "चुकीची आहे. पुन्हा मोजणार आहे."

"अन् तुमचा टक्का?"

"परत केला."

तो चरफडला, उठून गेला, दोन दिवस फोन उचलला नाही. नांदेडच्या माझ्या ओळखीच्या लोकांना त्यानं सांगितलं की साहेबाचं डोकं फिरलंय. पण लातुरात अक्कांशी वैर घेऊन पुढची कामं मिळाली नसती, हे त्याला ठाऊक होतं. रोख परत द्यायला तो तयार झाला नाही. जास्तीचे गेलेले पैसे वरच्या मजल्याच्या कामात फेडतो, यावर आला. मी सगळी इमारत पुन्हा मोजली. एकेक खिडकी वजा करत गेलो. प्रत्येक पानावर माझ्या जुन्या सहीखाली माझीच दुरुस्ती लिहिली.

तेवढ्यात आख्खा मजला निघत नव्हता. बाहेरचा गिलावा सोडला, फरशीऐवजी कोबा केला, तेव्हा कुठं वरचा स्लॅब ओतता आला. आजही ती इमारत खालून दोन मजले रंगवलेली आणि वर उघड्या विटांची आहे. जाणारे-येणारे म्हणतात, काम अर्धवट राहिलेलं दिसतं. मी तिथून जातो तेव्हा गाडी कडेला घेतो आणि वर बघतो. वरच्या खिडक्यांत ओढण्या वाळत असतात.

त्यानंतर मी कुणाकडून टक्का घेतला नाही. समोरच्याला आकडा सांगतो. पुष्कळ जण "नुसतं मोजायचे एवढे?" म्हणत उठून जातात. धंदा थोडा लहान झाला आहे. अक्का मला माफ केलं असं कधी म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

वरचा मजला झाल्यावर माझं शेवटचं बिल घेऊन गेलो होतो. एकाच पानाचं, ठरलेल्या रकमेचं. अक्कांनी या खेपेला ते शब्दन् शब्द वाचलं, ओठ हलवत. मग चष्मा काढला.

"खालचे मजले दुसऱ्यांदा मोजलेत, त्याचे कुठं लावलेत?"

"लावले नाहीत, अक्का."

"बरं केलं," त्या म्हणाल्या, आणि गल्ल्यातून चेकबुक काढलं.